पाठमोरे गार्डकाका

पडलेल्या माणसाला गार्डकाका हात देत नसत. रायपुरातल्या आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि तिचा सगळ्यांना रागही होता. सायकल शिकताना एखादं पोर दाणकन आपटलं की शेजारपाजारचे धावत, कुणी बखोटीला धरून उभं करी, कुणी धूळ झटके. गार्डकाका मात्र पोराला ओलांडून पुढे जात, रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून त्याच्याकडे चक्क पाठ करून उभे राहत आणि येणाऱ्या गाड्या थोपवत. मागे न बघताच विचारत, "उठू नोको. नाव सांग. आज वार कोनता हाये?" गुडघा सोललेलं पोर भोकाड पसरायचं विसरून "मंगलवार" म्हणे. मग घर कुठं ते विचारत. तिन्ही उत्तरं नीट आली की सांगत, आता बस, पण उभा राहू नको. तोवर पोराची आई येऊन काकांच्या नावानं बोटं मोडायला लागलेली असे.

काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून त्यांनी उभी नोकरी काढली. गाडी मधेच अवचित थांबली, तर गार्डानं काय झालं ते बघायला इंजिनाकडे पळायचं नसतं. त्यानं आधी मागे चालत जायचं आणि मागून येणाऱ्या गाडीला अडवायचं. काकांनी रिटायर झाल्यावर हाच नियम तात्यापाऱ्याच्या रस्त्याला लावला. त्यासाठी काकूंच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा कापून, त्याला नीट शिवण मारून घेऊन, काठीवर बसवून त्यांनी एक झेंडी केली होती. ती त्यांच्या सायकलच्या दांड्याला कायम बांधलेली असे.

आणि घाबरण्यात तर त्यांचा हात धरणारं पाऱ्यात कुणी नव्हतं. रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन दोनेक वर्षं झाली होती. रस्त्यांवर एकदम गाड्या वाढल्या होत्या, आणि त्यातल्या अर्ध्यांवर सरकारी लाल दिवे होते. काका प्रत्येक चौकाच्या अलीकडे सायकलवरून उतरत, तिला हातात धरून चार वेळा इकडेतिकडे बघत आणि एखाद्या म्हातारीच्या किंवा गाईच्या आडोशानं पलीकडे जात. काकू ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "जलमभर रेल्वेत राह्यले, अन सडक ओलांडाले भेतेत." काकांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं : "भेव असलंच पायजे. भेव गेलं का मानूस गेला."

मी तेव्हा बारावीत होते. कोचिंग क्लास दूर होता आणि बाबांनी बऱ्याच विनवण्यांनंतर सायकलनं जायची परवानगी दिली होती, पण अटीवर. एकदा जरी पडलीस, तर सायकलही बंद आणि क्लासही बंद. बाबा बोलले ते करणारे होते. ती सायकल गेली असती तर माझं पुढचं शिक्षणच गेलं असतं, निदान मला तरी तसं वाटत होतं.

काका रोज दुपारी कोपऱ्यावर मला अडवत. कुणी गाडीनं उडवलं तर काय करशीन, असं विचारत. मी घाईत असे. आमच्या पिढीला मराठी सगळं कळे, पण तोंडातून हिंदीच येई. एक पाय पेडलवर ठेवूनच मी घडाघडा म्हणून टाकी, "उठना नहीं. 'कुछ नहीं हुआ' बोलना नहीं. गाड़ी का नंबर देखना. घर में बताना." काका मान डोलवत आणि सोडत. मैत्रिणी लांब उभ्या राहून हसत. खरं तर मलाही हसू येई, शिवाय थोडी लाजही वाटे.

आणि मग एका गुरुवारी मला खरोखरच गाडीनं उडवलं. दुपारचे चार वाजले असतील. डावीकडच्या गल्लीत वळणाऱ्या पांढऱ्या गाडीचा धक्का मागच्या चाकाला बसला, हँडल गर्रकन फिरलं आणि त्याचं टोक माझ्या पोटात घुसलं. पुढच्या क्षणी मी रस्त्यावर होते. मी काय करावं? मी सगळ्यांत आधी उठले. सलवार गुडघ्यावर फाटली होती आणि पानठेल्यावरची माणसं बघत होती, तेवढंच मला समजत होतं. गाडीतला माणूस उतरून आला. बिचारा चांगला होता. "बेटा, लगी तो नहीं?" असं त्यानं दोनदा विचारलं. आणि मी कपडे झटकत म्हणाले, "नहीं अंकल, कुछ नहीं हुआ." तो माझे आभार मानून निघून गेला. नंबर बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पांढरी गाडी, एवढंच. त्या दिवसांत राजधानीत दर तिसरी गाडी पांढरी होती.

पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल जमेल तेवढं सरळ केलं आणि मी सायकल हातात घेऊन चालत घरी निघाले. बाबांना कळू द्यायचं नाही, हे मी वाटेतच ठरवलं. पोटात दुखत होतं, पण सोसण्यासारखं. डावा खांदा मात्र विचित्र ठणकायला लागला होता, आणि खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं. तात्यापाऱ्यापर्यंत येता येता अंगाला गार घाम सुटला. आजूबाजूचे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. मला पहिल्यांदा भीती वाटली, पण तीही बाबांचीच.

काका ओट्यावर बसून चेनला तेल देत होते. त्यांनी आधी माझं हँडल बघितलं, मग फाटलेला गुडघा.

"पडली काय?"

"नहीं काका. कुछ नहीं हुआ."

"लागलं कुठं?"

"घुटने में. थोड़ा सा."

"मंग खांदा काहून धरून राह्यली?"

मला कळलंच नव्हतं, पण मी उजव्या हातानं डावा खांदा घट्ट धरला होता. काकांच्या हातातली तेलाची बुदली खाली पडली. त्यांचा चेहरा इतका पांढरा झाला की मी माझं दुखणं विसरून त्यांच्याचकडे बघत राहिले. त्यांनी मला तिथेच ओट्यावर आडवं व्हायला लावलं आणि काकूंना हाक मारली. आई गोल बाजारात गेली होती, बाबा ऑफिसात. मी रडकुंडीला येऊन म्हणत होते, बाबांना सांगू नका, मी जरा झोपते, बरं वाटेल. "झोपू नोको," एवढंच काका म्हणाले.

बाबांकडे निरोप घेऊन शेजाऱ्यांना पिटाळलं. कोपऱ्यावर ऑटो नव्हता, एक सायकलरिक्षा होती. काकूंनी मला मांडीवर घेतलं. आणि जो माणूस गाईच्या आडोशानं चौक ओलांडायचा, तो ती लाल झेंडी उगारून रिक्षाच्या पुढे, रस्त्याच्या ऐन मधून चालायला लागला. चालायला कसला, धावायला. जयस्तंभाच्या चौकात चहूकडून गाड्या अंगावर येत होत्या. दिव्याची एक गाडी सायरन वाजवत होती. काका तिच्यासमोर झेंडी धरून उभे राहिले आणि आमची रिक्षा निघून जाईपर्यंत हलले नाहीत. मला काकूंच्या मांडीवरून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. सदरा घामानं चिकटला होता आणि झेंडी थरथरत होती. ते एकदाही वळले नाहीत. पुढूनच विचारत होते, नाव सांग. शुभांगी. वार कोनता? गुरुवार. पुन्हा नाव, पुन्हा वार. एकदा त्यांनी घर कुठं ते विचारलं आणि मला ते आठवेना. तात्यापारा हा शब्द ओठांवर येईना. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली. बाबांची नाही, क्लासची नाही. आपण मरतोय की काय, याची. काकूंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

इस्पितळात पोटाची तपासणी झाली. हँडलच्या टोकानं आत प्लीहा फाटली होती आणि पोटात रक्त साठत होतं. पोटातलं हे दुखणं डाव्या खांद्यात निघतं, असं नंतर डॉक्टरांनी बाबांना समजावून सांगितलं. मला लगेच ऑपरेशनला नेलं. शुद्धीवर आले तेव्हा बाबा उशाशी बसून लहान मुलासारखे रडत होते. सायकलचा विषय त्यांनी त्यानंतर कधी काढला नाही.

चार दिवसांनी काका भेटायला आले. नेहमीसारखे दाराशी घुटमळले, मग स्टुलावर टेकले. मी त्यांना विचारलं की खांद्याचं तुम्हाला कसं कळलं. मग त्यांनी धाकट्या भावाचं सांगितलं. वसंता त्याचं नाव. दोघं भाऊ सायकलींनी बाजारातून येत होते, आणि एका जीपनं वसंताला उडवलं.

"मीच त्याले हात देल्ला," काका म्हणाले. "मीच ओढून उभा केला. म्हटलं, ऊठ, लोक पाहून राह्यले. कपडे झटकले त्याचे. थो बोलला, काही नाही झालं दादा. घरी आला, चा पेला. मंग खांदा धरून बसला. मी म्हटलं, वात असन." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळच्या आत वसंता गेला होता.

मी रडत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, पण काका, तुम्ही मला वाचवलं, चौकात केवढ्या धीरानं उभे होतात. त्यांनी घाईनं मान हलवली. कसला धीर, म्हणाले. "तुयाकडं पाह्यलं असतं त माये पाय गळाले असते. म्हून पाठ केली." इतकं बोलून ते उठले. जाताना, आता तरी घरी खरं सांगत जा, असं बजावून गेले.

मी शिकले, नोकरीला लागले, नव्या रायपुरात राहायला गेले. काका म्हातारे झाले. काकू गेल्यानंतर त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला आणि तिथेच, अंथरुणावर, निवांतपणे ते गेले असं कळलं. मी पोहोचू शकले नाही. पण आमची शेवटची भेट त्याआधीच, भर रस्त्यावर झाली होती.

त्या शनिवारी मी माहेरी आले होते. कोपऱ्यावर कर्कश ब्रेक वाजला म्हणून धावले, तर काका रस्त्यावर पडलेले, त्यांची सायकल एका गाडीच्या चाकाखाली. दोघं-तिघं त्यांच्या काखेत हात घालून उठवायला लागले होते. मी किंचाळले, "हाथ मत लगाओ." लोक चमकून मागे झाले. माझा स्वतःचा हात मात्र पुढे गेलाच होता. तो कसाबसा मागे घेतला, एकाला १०८ ला फोन करायला लावलं, ओढणी काढून हातात धरली आणि काकांना ओलांडून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्यांच्याकडे पाठ करून. समोरून एक ट्रक येत होता.

"काका, उठू नका. नाव सांगा."

"मनोहर."

इतक्या वर्षांत मला त्यांचं नावच माहीत नव्हतं. ट्रक थांबला, त्याच्या मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"आज वार कोणता?"

"शनवार." आवाज अगदी बारीक झाला होता.

"घर कुठं आहे?"

उत्तर नाही. मी परत विचारलं. तरी नाही. ओढणी हातात थरथरत होती. वळून बघावं असं इतकं वाटत होतं की मानेला कळ लागली. कंबरेचं हाड मोडलंय हे इस्पितळात कळलं, पण त्या क्षणी मला वाटलं की झालं, संपलं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

मग मागून आलं, "भेव लागून राह्यलं काय, पोट्टी?"

"हव काका," मी म्हणाले. "लय भेव लागून राह्यलं."

"मंग बरोबर उभी हायस. वळू नोको."

मी वळले नाही.