शालूतल्या बोंबीलवाल्या

तुळिंजची विनिता एका क्लासात मुलांना टायपिंग शिकवता शिकवता स्वतःच वेबसाइट करायला शिकली. "डिग्री कुठली?" असं कुणी विचारलं की तिचं डोकं सटकायचं. काम बघा की!

२००४ साली वसईजवळच्या पाचूबंदरच्या आग्नेस मावशींच्या बचत गटाने वेबसाइट करायला तिला बोलावलं. सुक्या बोंबलांचा भाव कायम व्यापारी ठरवायचा. मुंबईत, मस्कतमध्ये पांगलेल्या गावच्या माणसांनी थेट माल मागवला, तर बायकांना व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं.

विनिताने झटक्यात पहिलं पान केलं. वर इंटरनेटवरून उचललेला फोटो: डोक्यावर टोपली घेतलेली, दात पांढरेशुभ्र असलेली बाई.

"ही कोनाची सून गं?" आग्नेस मावशींनी विचारलं.

"कुणाची नाही. नुसता फोटो आहे."

"मग आमचे लोक हिच्याकडून कशाला घेतील?"

विनिता चिडली, पण मुद्दा बिनतोड होता. तिने कॅमेरा मागून आणला. "रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर वाळवणावर या. काम करतानाचे फोटो काढू."

बायका आल्या त्या शालू नेसून, अंगभर सोनं घालून, केसांत वेण्या माळून.

"मावशी, लग्नाला निघालात का?"

"फोटो म्हटल्यावर मानसासारखं यायला नको? मस्कतला बघनार लोक!"

सगळ्या ओळीत ताठ उभ्या राहिल्या. विनिता "हसा, हसा" म्हणून थकली. एरवी एक तरी बाई राखणीला असते. आज ती पण ओळीत. कावळ्यांनी संधी साधली. बोंबील वाळत टांगलेल्या वलांडीवर थवाच उतरला.

"मेल्यांनो!" शालू कमरेला खोचून, चप्पल उगारून आग्नेस मावशी धावल्या. मागून सगळ्या. विनिता बटण दाबत सुटली.

कॉम्प्युटरवर तो धावतानाचा फोटो बघून मावशी भडकल्या. "हा लावलास तर याद राख! गावात तोंड कसं दाखवू?"

फोटो चढवायला विनिताला एक टिचकी पुरली असती. बोट बटणावर गेलंही. पण चेहरा मावशींचा होता, तिच्या मालकीचा नव्हता. तिने हात मागे घेतला आणि ओळीतला फोटो शेजारी उघडला.

"तुम्ही कुणाकडून बोंबील घ्याल?"

मावशींनी दोन्ही फोटो निरखले. "ह्या तर फीत कापायला आल्यासारख्या उभ्या." मग धावणाऱ्या स्वतःकडे बघून त्यांना हसू आवरेना. "हिचा माल कोन चोरनार नाय. लाव. पन खाली नावं घाल. सगळ्यांची."

विनिताने नावं घातली. फोनलाइनच्या संथ इंटरनेटवर फोटो वरून खाली हळूहळू उघडायचा; आधी नुसते कावळेच दिसत. मावशींचा चेहरा दिसेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मग तिने फोटो हलका करून करून पटकन उघडेल असा केला.

काही आठवड्यांनी मस्कतहून सेबेस्टियन नावाच्या माणसाची मेल आली. नाताळला गावी येतोय, परत जाताना न्यायला बोंबील राखून ठेवा, भाव कळवा.

विनिताने ती मोठ्याने वाचली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भाव कळवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

आग्नेस मावशी खुर्ची ओढून विनिताच्या शेजारी बसल्या. "लिही," त्या म्हणाल्या, "मी सांगते."