भिंतीजवळची बकरी

लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन एक माणूस भाजीबाजारात फिरताना दिसला. तो फरशीवर आकडे टाकत चालला होता. आलूवाल्याच्या ओट्यापुढे चौदा टाकला. मग मध्ये बसलेल्या सांभारवाल्या मावशीला सरळ ओलांडून गेला आणि पलीकडच्या कांदेवाल्यापुढे पंधरा टाकला.

"ओ भाऊ, मले इसरला का?" मावशी म्हणाली. त्याने वळूनही पाहिलं नाही. मावशी हसली आणि जुड्यांवर पाणी शिंपडायला लागली. मला काही हसू आलं नाही.

अमरावतीतला आमच्या घराजवळचा हा जुना बाजार पाडून तिथे नवी इमारत होणार, हे वर्षभर ऐकू येत होतं. आकडा मिळाला त्याला नव्या इमारतीत ओटा. नाही मिळाला तो बाहेर. मावशीला ओटा कधी नव्हताच. चांदूर बाजारच्या पलीकडच्या एका खेड्यातून ती सकाळच्या पहिल्या एसटीने गाठोडी घेऊन यायची आणि भिंतीला टेकून पोत्यावर बसायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात, तो तिच्यासारखा कोणाजवळ मिळायचा नाही. मी शाळेत नोकरीला लागलो तेव्हापासून तिला त्याच भिंतीशी पाहत आलोय आणि मला निवृत्त होऊनही चार वर्षं झाली.

मी ड्रॉइंग मास्तर. तिरसट म्हणून पोरं मला घाबरायची, आणि ते बरोबरच होतं. "मनाचं काढू नका, दिसतं ते काढा," हे मी इतक्या वेळा ओरडलो असेन की शाळेच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते कॉलेजात असताना रद्दीत सापडलेल्या एका फाटक्या पुस्तकामुळे. फ्रान्समधल्या एका जुन्या चित्रकाराची चित्रं होती त्यात. राजे नाहीत, देव नाहीत. ओला रस्ता, हातगाड्या, कोबीच्या ढिगामागे बसलेली जाडजूड बाई, तिच्या नखांतली माती. मी ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचो. आपणही असंच काढायचं, अगदी आहे तसं, एवढंच मी ठरवलं आणि आयुष्यभर त्याचा ताठा मिरवला.

आकडे पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मावशीने मला हाक मारली. आता ती हसत नव्हती.

"सर, तुमी बाजाराचं चित्र काढलं होतं ना? मी होती ना त्याच्यात?"

"होतीस ना. काहून?"

"कारपोरेशनचे सायेब म्हनते, इथं बसत होती याचा पुरावा आन. आठ दिवस देल्ले. बाकीच्याईजोळ मोबाईलमधी फोटू हायेत. माह्या फोटू कोन काढते बाप्पा?" मग तिने आवाज खाली आणला. "आलूवाला तं म्हनते, मले काही मालूम नाई. त्याले माही जागा पाह्यजे."

मी छाती काढून म्हणालो, "मावशी, फोटो एक वेळ खोटा निघेल, माझं चित्र नाही निघायचं." काय ती ऐट माझी! आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चित्र अकोल्याला बहिणीकडे होतं. मीच तिला घरभरणीला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. थंडीचे दिवस होते, बहिणीने तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, भाजी केली होती. जेवायच्या आधी एकदा चित्र पाहून घ्यावं म्हणून बैठकीत गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

मावशी भिंतीजवळ नव्हतीच. ती समोरच्या कडुनिंबाखाली बसली होती, अंगावर छान पिवळं ऊन घेऊन. आणि भिंतीजवळ, तिच्या जागेवर, एक बकरी उभी होती.

मला सगळं आठवलं. भिंतीकडे सावली होती, काळपट, रंगात काही मजा येत नव्हती. झाडाखाली ऊन झकास पडलं होतं. म्हणून मी मावशीला उचलून तिकडे बसवलं. मग भिंत रिकामी दिसायला लागली, म्हणून मनानेच बकरी काढली. घरभरणीला सगळ्यांना ती बकरीच आवडली होती.

बहीण मागे येऊन उभी राहिली. मी तिला सांगितलं. "मंग तिले सरळ सांगून दे ना," ती म्हणाली. "अजून दिवस हायेत. दुसरं काही पाहीन बिचारी."

सांगायलाच हवं होतं. पण लाज वाटली हो. तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी पोरांचे कान पिरगाळले, तीच मी केली होती, हे त्या बाईपुढे कोणत्या तोंडाने बोलू? चित्र कापडात गुंडाळून मी अमरावतीला परत आलो आणि खोलीची कडी लावली.

झाडाखालची मावशी उन्हाच्या रंगाने झाकली. बकरीवर भिंतीचा रंग चढवला, त्यावर पोतं, पोत्यावर मावशी, पुढे हिरव्यागार जुड्या. आता तर आपण खरंच काढतोय, असं स्वतःला बजावत होतो. आणि खरं सांगतो, तिचा इतका चांगला चेहरा मला आधी कधी जमला नव्हता.

पण रंग तेलाचा होता. थंडी होती. हाताशी चार दिवस होते. रोज सकाळी मी चित्र गच्चीवर उन्हात ठेवायचो, संध्याकाळी खाली आणून पंख्यासमोर. दर तासाला कोपऱ्यात बोट लावून पाहायचो. कोपरा वाळला होता. मधल्या हिरव्याला हात लावायची माझी हिंमत होत नव्हती. मावशी बाजारात विचारायची, "आनलं ना, सर?" मी मान हलवायचो आणि भाजी न घेताच घरी यायचो.

तो दिवस आला. महापालिकेच्या मोठ्या हॉलमध्ये सगळे भाजीवाले जमले होते. मावशी धुतलेलं लुगडं नेसून पिशवी छातीशी धरून बसली होती. साहेब भला माणूस होता. चित्र हातात घेऊन म्हणाला, "वा सर, छान आहे हो. हीच का ती भिंत?" मावशी पटकन उठून म्हणाली, "हव सायेब, थेच! आन थे मी!" तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, निभावलं. बस, आता याने चित्र खाली ठेवावं.

त्याने ठेवलं नाही. खिडकीशी नेलं. नाक आकसलं. "वास कसला येतोय?" म्हणाला आणि सांभाराच्या जुड्यांवर अंगठा टेकवला. अंगठा हिरवा झाला.

त्याने खिशातून रुमाल काढला आणि ती जागा हलकेच पुसली. एकदा, दोनदा. हिरव्याखालून बकरीचा कान वर आला.

"सर, इथे आधी काय होतं?"

"बकरी," मी म्हणालो.

हॉलमध्ये हसण्याचा गदारोळ उठला. आलूवाला सगळ्यांत जोरात हसला. मी ओरडून सांगत होतो की ती तिथेच बसायची, मी रोज पाहिलंय, मी शपथ घेतो. साहेबाने ऐकून घेतलं. हिरवा अंगठा रुमालाला पुसत तो मावशीला म्हणाला, "दुसरं काही आहे का तुमच्याजवळ?" तिने नाही म्हणून मान हलवली. त्याने पुढचा आकडा पुकारला.

बाहेर आलो. मी चित्र उलटं धरलं होतं, रंग माझ्या शर्टाला लागत होता. मावशीने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"सर," ती म्हणाली, "तुमी मले कावून हलवलं?"

"तिकडे ऊन चांगलं होतं, मावशी."

तिने हातातली पिशवी सावरली.

"उनात सांभार सुकते, सर. म्हनून तं मी भिंतीशी बसत होती."

मग तिने पिशवीत हात घातला. सकाळीच माझ्यासाठी म्हणून आणलेल्या दोन जुड्या होत्या. त्या तिने माझ्या हातात दिल्या आणि चांदूर बाजारची गाडी पकडायला निघून गेली.