अजून न आलेल्या दिवसांचं दुखणं

माझी कंबर दुखते. सहा वर्षांत हे मी इतक्यांदा म्हटलंय की आता घरात कोणी मान वर करून बघत नाही. पंखा घरघरतो, कुकर शिट्टी देतो, तशी माझी कंबर दुखते. नेमकी कंबरच का, तेही मला धड सांगता येत नाही. कधी कंबर, कधी डाव्या मांडीच्या मागची शीर, कधी पोटरीत मुंग्या. एकदा आठवडाभर नुसता पायाचा अंगठाच दुखत होता. एमआरआय काढला. रिपोर्टात आलं, 'वयोमानानुसार बदल'. तसे बदल माझ्या केसांतही झालेत, पण केस दुखत नाहीत.

आपल्याकडे दुखण्याचे दोनच प्रकार लोकांना समजतात. एक बरं होतं, दुसरं माणसाला घेऊन जातं. बरंही होत नाही आणि नेतही नाही, असं तिसरं घरात येऊन राहिलं की त्याच्याशी कसं वागायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. मलाही नाही. लातूरहून थोरल्या भावाचा फोन आला की तो विचारतो, "अजून दुखतंय?" आणि मी ओशाळून म्हणतो, "हो ना, अजून." जणू एवढ्या वर्षांत उरकायला हवं होतं ते काम मी आळसाने ठेवून दिलंय.

मी चाकणला एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. मोशीहून सकाळी कंपनीची बस पकडायची आणि मग आठ तास एका जागी उभं राहून गाडीचे सुटे भाग मापाच्या साच्यात, म्हणजे गेजमध्ये, घालून बघायचे. बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. शिवाय दर दोन तासांनी मापं घेऊन चेकशीटवर लिहायची. काम वाईट नाही. फक्त उभं राहायचं असतं.

गेल्या वर्षी कळलं की आमच्या गेज रूममध्ये एक जागा रिकामी होणार आहे. गेज रूम म्हणजे एसी, टेबल आणि मुख्य म्हणजे खुर्ची. ती खुर्ची मला स्वप्नात दिसायला लागली. निवृत्तीला अजून नऊ वर्षं होती, आणि असंच उभं राहून नऊ वर्षं निघणार नाहीत हे मला आतून कळून चुकलं होतं. मॅनेजरना जाऊन सांगितलं. माणूस तसा भला. ते म्हणाले, "तुम्ही चालता-फिरता, जिना चढता, हसता. मी वर काय सांगू? डॉक्टरांचं लिहून आणा."

आमच्या कंपनीत दर बुधवारी डॉक्टर मॅडम येतात. त्यांनी मला महिन्याचा एक छापील तक्ता दिला. तारीख, सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक चौकोनात शून्य ते दहा यातला एक आकडा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही.

"रोजच्या रोज भरा," त्या म्हणाल्या. "यावरूनच मला लिहिता येईल."

आता दहा म्हणजे किती, हे कोणाला विचारायचं? घरी येऊन बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"बाळंतपण म्हणजे दहा धरा," ती म्हणाली. "त्या मानानं लिहा."

"मग माझं दीड निघेल."

"दीड लिहिलं तर खुर्ची भेटत नसते. बघा बाबा तुमचं तुम्ही."

मी बघितलं नाही. तक्ता कपाटात ठेवला, आणि तो आठवला थेट शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी. उद्या मॅडमना दाखवायचा होता. मग मी काय केलं? जे आमच्या धंद्यात, कोणी कबूल करो न करो, पुष्कळदा होतं ते. बसून सगळे चौकोन एकदम भरून टाकले.

त्यातही कसब असतं. सगळीकडे एकच आकडा टाकला की ऑडिटवाला लगेच पकडतो. म्हणून सहा, पाच, सहा, सात, पुन्हा पाच. दोन वेगवेगळी पेनं वापरली. एका कोपऱ्यावर चहाचा थेंबही पाडला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या असल्या चेकशीटा पकडून त्यांना चारचौघांत झापणारा माणूस मीच, हे त्या वेळी डोक्यात आलंच नाही. उलट काम सुबक झाल्याचं समाधान वाटलं.

मॅडमनी तक्ता बघितला. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पुन्हा तक्ता बघितला.

"आज तारीख काय?"

"अठ्ठावीस."

"आणि हे एकोणतीस, तीस, एकतीस?"

चेकशीटमध्ये एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं. मी महिन्याअखेरपर्यंत भरत गेलो होतो. तीस तारखेला दुपारी सात.

"अजून न आलेल्या दिवसांचं दुखणंही तुम्हाला आधीच कळतं?" मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवा कोरा तक्ता पुढे सरकवला. "तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण असा कागद कोणी वर दाखवला तर तुमच्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. तुमच्यानंतर जो असं दुखणं घेऊन येईल त्याच्यावरही नाही."

ते शेवटचं वाक्य मला जास्त लागलं. बसमध्ये गुपचूप मलम चोळणारे कितीजण मला माहीत होते.

दुसऱ्या महिन्यात मी खरोखर रोज लिहिलं, आणि तिथून माझा खरा गोंधळ सुरू झाला. तोवर माझी पक्की समजूत होती की उभं राहिलं की दुखतं, बसलं की थांबतं. त्यावरच तर खुर्चीची सगळी मागणी उभी होती. पण आकडे माझं ऐकेनात. डबल शिफ्ट करून आलो त्या दिवशी तीन. आळंदीला मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात तीन तास इकडून तिकडे पाहुण्यांना पाणी देत फिरलो, तेव्हा एक. दुसऱ्या दिवशी पडलेला मोजा उचलायला वाकलो, तर आठ. आणि गुरुवार, म्हणजे आमच्या सुट्टीचा वार! दिवसभर सोफ्यावर बसून टीव्ही बघायचा, तर संध्याकाळी सात, आठ, सात, आठ. चारही गुरुवार.

बायकोने तक्ता हातात घेऊन बोट फिरवत वाचला.

"सोमवारी दोनच होतं?"

"हो."

"मग खिचडी पातळ झाली म्हणून माझ्यावर का खेकसलात? मी आपलं समजले, कंबर दुखत असंल."

तिचं बोट पुढे सरकलं आणि एका आठवर थांबलं. "ह्या दिवशी तर तुम्ही पोरीला नकला करून दाखवत होतात. आम्ही सगळे हसत होतो."

"हसण्याने विसर पडतो थोडा वेळ."

तिने त्या आकड्यावरून बोट उचललं नाही. म्हणाली, "अहो, मग सांगायचं ना."

"सहा वर्षं सांगतोच आहे की."

"ते रोजचंच. तसं नाही." मग तिने गुरुवारांकडे बघितलं आणि लगेच व्यवहारावर आली. "हे चार गुरुवार तेवढे खाली आणा. बसून दुखतंय असं दिसलं तर खुर्ची कोण देणार?"

तिचं बरोबर होतं. मी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसलो. आठाचा तीन करणं अवघड नसतं. पण कुठला आकडा खरा, कुठला सोयीचा, हे एकदा विसरलो तर मला माझंच दुखणं कळेनासं होईल, अशी भीती वाटली. आधीच ते कळत नव्हतं. पेन्सिल ठेवून दिली. हा प्रामाणिकपणा होता की नुसता गोंधळ, ते आजही सांगता येणार नाही.

मॅडमनी या वेळी तक्ता बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "गेज रूममध्ये आठ तास बसलात तर सहा महिन्यांत आडवे व्हाल. तुम्हाला बसणंही सोसत नाही आणि एका जागी उभं राहणंही. थोडं बसा, थोडं उभं राहा, थोडं चाला."

"पण मॅडम, खुर्ची..."

"खुर्ची नाही."

त्यांनी लिहून दिलं की मला माझ्याच जागेवर उंच स्टूल मिळावं, आणि कधी बसायचं, कधी उठायचं, कधी चार पावलं टाकायची हे माझं मी ठरवावं. मॅनेजरनी कागद आणि सोबतचा तक्ता दोनदा वाचला. "तुम्ही ठरवायचं म्हणजे? दोन आकडा असला की उभं राहाल ना?"

"दोन असतो तेव्हा बसलो नाही तर पुढे सात होतो, सर. कधीकधी. कधी होत नाही."

"म्हणजे नक्की काय?"

"तेच मलाही कळत नाही, सर."

हे मी पहिल्यांदाच वरिष्ठांपुढे बोललो. त्यांनी कपाळ चोळलं आणि सही केली. गेज रूमची खुर्ची दुसऱ्याला गेली. मी खरं लिहून शहाणपणा केला की हातातली खुर्ची घालवली, यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत, आणि मी रोज तट बदलतो.

स्टूल आलं त्या दिवशी सगळी लाइन त्याच्याकडे बघत होती. लाइनवरचा माझा जोडीदार जवळच्याच जुन्या गावातला, बोलायला तिखट. तो म्हणाला, "आलं का राव सिंहासन! बस की."

"आत्ता दुखत नाही."

"मग आणलंस कशाला?"

"दुखायच्या आधी बसायचं असतं."

"आधी कळतंय व्हय?"

"नाही कळत."

मी बसलो. समोर सगळे उभे आणि मी एकटा बसलेला, त्यामुळे कंबरेपेक्षा मानच अवघडली. उठलो. तेवढ्यात मॅनेजर आले आणि म्हणाले, "उभेच आहात की!" मी घाईने बसलो. ते गेल्यावर परत उठलो. जोडीदार पोट धरून हसत होता. मलाही हसू आलं. मग तो हसायचा थांबला आणि जवळ आला.

"आता खरं सांग. दुखतंय का न्हाई?"

सहा वर्षांत हा प्रश्न शेकडो लोकांनी विचारला होता आणि मी पुरतं तोंड उघडायच्या आत पुढे निघून गेले होते. मी म्हणालो, "थांब, बघून सांगतो." आणि पलीकडच्या तेलाच्या पिंपांच्या रांगेपर्यंत चार पावलं चालत गेलो.

वळून बघितलं तर त्याने हातातला पार्ट खाली ठेवला होता आणि तो खरोखरच थांबला होता.