आबांच्या पाठीसाठी स्प्रिंगा

आमच्या वर्गातल्या स्नेहलचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, नवरा काय करतो. सुयश बच्छावने विचारलं, "गाडी कुठली आहे त्याची? मागचं जंपिंग कसंय?"

जंपिंग म्हणजे गाडीचे शॉकअप, स्प्रिंगा आणि खड्ड्यातला धक्का गिळणारा बाकीचा पसारा. सुयशला माणसं लक्षात राहतात ती त्या पसाऱ्यावरून. "तो नाही का, मागून कुईकुई करणारा," असं तो एखाद्याबद्दल म्हणाला की तो त्याच्या गाडीबद्दल बोलतोय हे कळायला मला वेळ लागायचा.

आम्ही दोघं सटाण्याच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. तो गणितात हुशार, मी त्याच्या गणितात हुशार. त्याचे वडील खंडेराव, म्हणजे आबा, दुसऱ्यांची शेतं भाड्याने नांगरून द्यायचे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना स्प्रिंग नसते. ढेकूळ चाकाखाली आलं की ते सरळ चालवणाऱ्याच्या कण्यात जातं. सुयश लहानपणी मडगार्डवर बसून हे बघायचा. धक्का बसला की आबा हूं करायचे, आणि पुढच्या धक्क्याला पुन्हा हूं. आयुष्यभर असं हूं करून त्यांची पाठ गेली. पोराच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली, की धक्का मध्येच कुठेतरी अडवता येतो.

पुढे तो नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागला आणि त्याने जुन्या बाजारातून एक लाल गाडी घेतली. छोटी, टर्बो इंजिनची, पाय ठेवला की पळणारी. कंपनीत जायला तीच, भाजीला तीच, आणि रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला उगाच जाऊन चहा पिऊन परत यायलाही तीच. पूजेला तो ती गावी घेऊन गेला. खंडेरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली, नारळ फोडला आणि आमच्याकडच्या अहिराणीत म्हणाले, "चांगली शे. माणसं कुठं बठतीन?"

एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले. त्यानंतर ते नाशिकला चार कामांसाठी आले असतील, पण एसटीने. सुयश न्यायला येतो म्हणाला की त्यांचं ठरलेलं, "खाली शे ती. वाकता येत नाय."

"एकदा बसले पाहिजेत यार आबा," सुयश मला म्हणायचा. "एकदाच. मग नाही आवडली तर नाही."

"नाही आवडली तर तू जगशील का?"

"तू गप."

पावसाळ्यानंतर आबांच्या पाठीचं ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं. सुयशच्या आईला गाईंमुळे घर सोडता येत नव्हतं, म्हणून दवाखान्यात सोबतीला नाशिकलाच राहणारा मी. आणि सुट्टी मिळाल्यावर आबांना घरी आपल्याच गाडीतून न्यायचं, हे सुयशने स्वतःशी ठरवून टाकलं. गाडीचे मागचे शॉकअप तसेही गेले होते. बदलायचेच होते. आता त्या बदलण्याला कारण मिळालं आणि हा माणूस जेवताना, आंघोळीला जाताना, माझ्याशी बोलताना, मोबाइलवर फक्त स्प्रिंगा बघायला लागला.

त्र्यंबक रोडला रविवारी चहाला जमणाऱ्या गाडीवेड्या मंडळींचं मत सरळ होतं. कडक स्प्रिंगा टाक, गाडी बसकी कर, वळणावर चिकटून जाईल. कंपनीचे साधे शॉकअप टाकणं म्हणजे त्यांच्यात चहा बंद होण्यासारखं. सुयशने बरेच दिवस घोळ घालून असा सेट निवडला ज्याची उंची पान्याने खालीवर करता येते आणि कडकपणा वरच्या बटणाने, एकेक टिक करत कमी-जास्त करता येतो. त्यातही त्याने मुद्दाम मऊ स्प्रिंगा मागवल्या. आबांच्या पाठीसाठी.

इथपर्यंत सगळं सोन्यासारखं होतं. पण त्याला गाडी बसकीही हवी होती. बापासाठी मऊ आणि स्वतःसाठी बसकी.

"आबांना आधीच वाकता येत नाही," मी म्हटलं, "आणि तू अजून खाली घेतोयस?"

"दोन बोटांनी काय होतं? टायरवरची फट बघ ना किती घाण दिसते."

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ इनायतभाईंचं गॅरेज आहे. ते स्वतः अशा कामाचे शौकीन. खोकं उघडल्यावर त्यांनी तो निळा शॉकअप हातात धरून असा फिरवला, जशी एखादी बाई पैठणीचा पदर फिरवते.

"माशाल्ला, सुयशभाई. काय चीज आणली! किती खाली घ्यायची?"

"दोन बोटं. पण मऊ पाहिजे. वडिलांना न्यायचंय, पाठीचं ऑपरेशन आहे."

"मग दोघंच बसणार ना? बास, मख्खन करून देतो."

जुन्या स्प्रिंगा निघाल्या, नव्या चढल्या, चाकांची अलाइनमेंट झाली. मग खरा तमाशा सुरू झाला. आबा अंगाने भरलेले आणि मी वाळकी काडी, म्हणून सुयशने गव्हाचं एक पोतं माझ्या मांडीवर ठेवून वरून बेल्ट लावला. हातात पाण्याने भरलेला तांब्या दिला. पाथर्डी फाट्याच्या गल्ल्यांमधले सगळे स्पीडब्रेकर आम्ही ओलांडले. पाणी सांडलं की तो उतरायचा, बॉनेट उघडायचा, डिकी उघडायचा, एकेक टिक फिरवायचा, परत यायचा.

"आता? आता कसं वाटतंय, आबा?"

तो मला आबा म्हणतोय हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "बरी चालस रे भाऊ." एरवी त्याने मला शिवी दिली असती. तो फक्त म्हणाला, "खरंच म्हणतील का रे?"

शेवटी तांब्यातलं पाणी नुसतं हललं, सांडलं नाही. त्या दिवशी त्याने मला मिसळ खाऊ घातली, आणि पोतं स्वतः उचललं.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी आबांच्या कमरेला पट्टा होता. गाडीत बसायला त्यांना बराच वेळ लागला. आधी पाठ वळवून टेकले, मग एकेक पाय आत. त्या दोन बोटांचा हिशेब त्यांच्या कपाळावरच्या घामात दिसत होता. पण बसले. सीट मागे सरकवलेली, कमरेमागे उशी. सुयशने दार इतकं हळू लावलं, जणू आत बाळ झोपलंय. त्याचा चेहरा मी शाळेतल्या निकालालाही तसा पाहिला नव्हता.

तेवढ्यात आबांनी काच खाली केली.

दवाखान्याच्या फाटकाशी जयरामनाना आणि चतुरानानी उभे होते. आबांचे चुलतभाऊ आणि भावजय. सकाळच्या एसटीने भेटायला आलेले. नाशिकला आलोच आहोत तर म्हणून नानींनी पंचवटीतून दगडी पाटा-वरवंटा घेतला होता. तो गोणपाटात बांधून पायाशी.

"जयराम," आबांनी हाक मारली, "येष्टीमा कसाले जास? बठ ना. मना पोऱ्यानी गाडी शे."

माझ्या पोराची गाडी आहे. ही गाडी आल्यापासून सुयश ज्या वाक्याची वाट बघत होता ते हे वाक्य. तो माझ्याकडे बघत राहिला. आम्ही दोघांनी गव्हाच्या पोत्यासकट सगळा विचार केला होता, फक्त आबा आपली भाऊकी गाडीत बोलावतील हा विचार केला नव्हता. आमच्याकडे गाडीत जागा असताना उभ्या माणसाला तसंच सोडून गेलात, तर ती गोष्ट तुमच्या नातवाच्या लग्नातही निघते. हे आम्हाला माहीत होतं. नाशिकला राहून विसरलो होतो, एवढंच.

"आम्ही जातो की एसटीने," नाना म्हणाले आणि दार उघडून बसले. पलीकडून नानी बसल्या. मध्ये मी. डिकीत आबांचं अंथरूण, पिशव्या आणि पाटा-वरवंटा. मला मागच्या चाकावरची फट दिसत नव्हती. सुयशने मात्र उतरून मुद्दाम पाहिली, आणि येऊन बसला.

हायवेला गाडी खरंच मख्खन चालली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. आबांनी डोकं मागे टेकवलं. "बरी चालस रे," ते म्हणाले. अगदी तेच शब्द. सुयशने आरशातून माझ्याकडे पाहिलं. एवढं एकच वाक्य घेऊन तो घरी गेला असता तर काय बिघडलं असतं?

सोग्रस फाट्याला देवळ्याच्या रस्त्याला वळलो आणि पहिला खड्डा आला. मागून धाडकन आवाज झाला. मऊ स्प्रिंग ओझ्याने आधीच दबलेली, वरून गाडी बसकी. स्प्रिंगेला खाली जायला जागाच नव्हती. शेवटपर्यंत दबली की ती रबरावर आदळते, आणि मग ती स्प्रिंग राहत नाही, ट्रॅक्टर होतो.

"काय पडनं का रे?" नानी म्हणाल्या.

"काही नाही नानी."

"आमच्या पोऱ्याच्या जीपमध्ये असं वाजत नाय," नाना म्हणाले.

दुसरा धक्का. आबा म्हणाले, हूं.

मी तो आवाज ओळखला. सुयशनेही ओळखला असणार, कारण त्याची मान आखडली. त्याने वेग इतका कमी केला की सायकलवाले पुढे गेले. स्पीडब्रेकरवर इंजिनखालचं चेंबर घासलं, म्हणून पुढच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला मी आणि नाना उतरून चालत ओलांडायला लागलो. नानी उतरल्या नाहीत. "मना गुडघा दुखस," म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. गावातली माणसं ओट्यावरून आमची ही वरात बघत होती. आत आबा, हूं. पुन्हा हूं.

भावडबारीच्या घाटाआधी आबा म्हणाले, "थांबाड."

त्यांचा सदरा भिजला होता. मागून कांदा उतरवून रिकामी चाललेली एक पिकअप आली, आमच्या शेजारच्या गावचा काळू चालवत होता. आबांनी हात केला, ती थांबली.

आणि मग सुयश ते बोलला, जे दवाखान्याच्या दारात बोलायला हवं होतं. "आबा, तुम्ही बसा. नाना-नानी जातील पिकअपमध्ये. गाडी हलकी झाली की त्रास नाही होणार. खरंच."

नाना म्हणाले, "आम्ही जातो की," आणि या वेळी दार उघडलं नाही.

आबांनी सुयशकडे असं पाहिलं जसं त्याने कोणाच्या ताटातली भाकरी उचलली. "मी बठाडं त्यास्ले. मी बोलावलेली माणसं तू रस्त्यावर उतरवशील?"

"रस्त्यावर नाही, आबा. पिकअपमध्ये."

"मले उतरू दे."

"रिकामी पिकअप लय उडते, आबा. तिच्या स्प्रिंगांचे पाटे कडक असतात. याच्यापेक्षा जास्त लागेल."

"उडू दे. उंच शे ना."

आम्ही त्यांना धरून काळूच्या शेजारी बसवलं. पिकअप निघाली. पहिल्याच खड्ड्यात ती उडाली आणि केबिनच्या मागच्या काचेतून आबांचं डोकं छताला लागता लागता राहिलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. हूं म्हणाले असतील, ऐकू आलं नाही. मग सुयशने नाना, नानी आणि पाटा-वरवंट्याला त्यांच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. पुढच्या रिकाम्या सीटवर उशी होती. ती कोणीच हलवली नाही.

नानी मनाने वाईट नाहीत. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं, फक्त थोडक्यात. त्यामुळे भाऊकीत जी गोष्ट फिरली ती अशी, की सुयशने ऑपरेशन झालेल्या बापाला कांद्याच्या पिकअपमध्ये घातलं आणि स्वतः लाल गाडीतून आला. सुयशच्या आईलाही ती पाणवठ्यावर ऐकवली गेली. आबांसमोर निघाली तेव्हा मी तिथे होतो. वाटलं, आता हा माणूस एक शब्द बोलेल. त्यांनी विषय कांद्याच्या रोपांवर नेला. आपण बोलावलेल्या माणसांमुळे हे झालं, असं स्वतःच्या तोंडाने कसं सांगणार? मग बोल खायला पोरगा राहिला.

सुयश नाशिकला आला आणि सरळ इनायतभाईंकडे गेला.

"काढा. कंपनीचं टाका, पहिल्यासारखं."

"भाई, उंची वाढवून देतो ना, पाना फिरवायचा फक्त. एवढी चांगली चीज..."

"काढा."

निळा सेट परत खोक्यात गेला आणि खोकं माझ्या खोलीतल्या कॉटखाली. त्याच्या खोलीत ठेवायला तो तयार नव्हता. त्र्यंबक रोडचा चहाही बंद झाला. तिथल्या मंडळींनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, त्याची पाठ धरलीय.

तपासणीसाठी आबा नाशिकला आले. एसटीने. आम्ही बसस्टँडवर गेलो. सुयशने गाडी धुतली होती, पुढची सीट मागे सरकवून ठेवली होती. आबा काठी टेकत आले.

"आबा, उंच केली," सुयश म्हणाला. "पहिल्यासारखी. जंपिंगही साधं टाकलं."

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पहिल्या दिवशी मारली होती तशीच. मागच्या चाकाकडे थोडं वाकून बघितलं, जेवढं पट्ट्याने वाकू दिलं तेवढं.

"चांगली शे," ते म्हणाले. "तू कामाले जाय. दवाखाना काय लांब नाय."

आणि त्यांनी रिक्षाला हात केला. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणाले, "तू बठ त्याच्याजवळ."

आम्ही रिक्षाच्या मागे मागे निघालो. रस्ता खणलेला होता. रिक्षा प्रत्येक खड्ड्यात डावीकडे कलायची, आदळायची, आणि मागच्या खिडकीतून आबांची टोपी वर जाऊन खाली यायची. सुयशने त्या टोपीवरून नजर काढली नाही.

"डावं जंपिंग गेलंय तिचं," तो म्हणाला. "पूर्ण बसलंय. ऐकतोयस ना?"

पुढची सीट आबांसाठी सरकवलेली तशीच रिकामी होती, मी मागच्या सीटवर बसलो होतो. ऐकत होतो.