उंबराखालची चंद्राची जागा

वरोरची चंद्रा डोक्यावरची टोपली उतरवली की आधी उंबराच्या खोडाला हात लावते, मग कपाळाला. डहाणूत स्टेशनजवळ ऑफिसांची काचेची उंच इमारत झाली, तिच्या पुढच्या मोकळ्या जागेत हे एक झाड वाचलं. मी म्हणते, दत्तगुरूंनी वाचवलं. चंद्रा म्हणते, ठेकेदाराला सावली हवी होती.

सकाळी काचांवरचं ऊन घसरत झाडावर येतं आणि खाली हिरवट होऊन सांडतं. त्यात सुके बोंबील, तिच्या भाषेत मावरं, मांडून बसलेली चंद्रा पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसते. लग्नानंतर सासूने तिला इथेच आणून बसवलं, गिऱ्हाइकाशी हसायला शिकवलं. पुढे नवऱ्याचे गुडघे गेले, बोट विकली. आता घर या सावलीवर चालतं.

यंदा त्या जागेची बाग करायचं ठरलं. कुंपण नाही, कुणीही यावं, बसावं. मुंबईहून श्रुतिका नावाची मुलगी बाग आखायला आली, तिने इमारतीच्या दाराशी नकाशा लावला. करंज, पांगारा, फुलपाखरांसाठी रानफुलं, चाकाच्या खुर्चीसाठी उतार. पाखरंसुद्धा काढली होती. बघता बघता मी त्या कागदातच फिरायला लागले. उंबराभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या आम्ही बायका होतो, अगदी पदरासकट. चंद्रा मात्र कुठेच नव्हती.

"अगं, ही कुठंय?" मी चंद्राकडे बोट दाखवून विचारलं.

श्रुतिका गोंधळली. "काकू, मी दोनदा येऊन दिवसभर बसले होते इथे. या दिसल्याच नाहीत."

"कोणत्या वारी?"

"गुरुवारी. दोन्ही वेळा."

चंद्रा म्हणाली, "गुरुवारी मावरं घेतंय कोण? मी घरी झोपते, पोरी."

श्रुतिकाने लगेच पेन्सिल काढली. पण आमच्याबरोबर प्रदक्षिणेला येणाऱ्या हिनाबेन हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? दत्ताच्या झाडाजवळ तो वास नको वाटतो. नकाशा आहे तसाच राहू दे ना."

पेन्सिल थांबली. चंद्राचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "बेन, दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात. ती मावरं खातात का उपास करतात, विचारलंत कधी?"

हिनाबेननी पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर आलंच. "बस बाई, बस! पण नळ पाहिजे. जागा धुऊन जायचं."

"धुईन तर. तुमच्याआधी माझं नाक हाय तिथं."

पुढच्या गुरुवारी चंद्रा टोपलीशिवाय आली, न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून. श्रुतिकाने फक्कीने जमिनीवर चौकोन आखला आणि चंद्रा त्यात मांडी घालून बसली. वर पोपट उंबरं कुरतडत होते, चुरा तिच्या ओल्या केसांत पडत होता. समुद्राकडून वारा आला की पानांची सावली हलायची, पांढरी रेघ विरायची, पुन्हा उमटायची. मी प्रदक्षिणा घालत होते. चंद्राचे डोळे मिटलेले. मला वाटलं, लागली झोप.

"पोरी," डोळे न उघडताच ती म्हणाली, "मी बसले सावलीत. गिऱ्हाइकानं काय उन्हात उभं राहायचं?"

श्रुतिकाने पायाने रेघ मोडली आणि नवी रेघ पार सावलीच्या कडेपर्यंत ओढत नेली.