नाही आलं

साकोलीत माझ्या मेडिकलच्या वर दवाखाना आहे. तिथली नर्स दुपारी माझ्या स्टुलावर बसून मोबाईलवर जपानी शिकायची. तिला तिकडे म्हाताऱ्यांच्या सेवेची नोकरी हवी होती. ॲप एकेक कार्ड दाखवून शब्द विचारायचं; आलेला शब्द उशिरा परत यायचा, न आलेला लगेच. ही ओठ हलवायची आणि जरा अडखळली की 'नाही आलं' दाबायची.

"सिस्टर, येते ना तुम्हाले! कायले दाबता?" मी वैतागायचो.

"नाही जी भाऊ. उगाच आलं म्हटलं तर ॲप महिनाभर इचारत नाही. मंग तिकडे बुढ्याचं काय दुखते, कसं समजंन मले?"

अशानं हिचं कधी होणार, असं मला वाटायचं.

नेट बरं म्हणून मुलाखत माझ्याच दुकानात झाली. पडद्यावरच्या बाईने भरभर काही विचारलं. ही अडखळली. गिऱ्हाईकाच्या गोळ्या माझ्या हातातच राहिल्या. मग मान लववून ही काहीतरी बोलली. बाई हसली आणि सावकाश पुन्हा विचारू लागली.

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. विचारलं, "त्या दिवशी काय बोलल्या तुम्ही?"

"समजलं नाही, परत सांगा, म्हटलं," ती हसली. "तेवढं कार्ड मले कधीच चुकलं नाही, भाऊ."