बरणीतली तीन वर्षं

वेळणेश्वरची उमा गेल्या पाच वर्षांत सलग दोन तास घराबाहेर राहिलेली नाही. तिच्या वडिलांना, आप्पांना, विस्मरणाचा आजार आहे. एकदा ते उघड्या दारातून निघाले ते समुद्रात गुडघाभर पाण्यात सापडले. तेव्हापासून दाराला आतून, अगदी वर, कडी. भाऊ सलिल पुण्याला असतो, फोनवर चौकशी करतो.

परसातला एक काजू रोठा लागून मेला. रोठा म्हणजे खोड पोखरणारी पांढरी अळी. खोड फोडताना उमाला वेगळ्याच तीन तपकिरी, चपट्या अळ्या दिसल्या. त्यातली एक रोठ्यालाच खात होती. प्राणिशास्त्र शिकलेली उमा हरखली. तिन्ही तिने एका बरणीत भुशात ठेवल्या. आठवड्याने एकच उरली, चांगली फुगलेली.

कॉलेजातल्या अपूर्वा मॅडम फोनवर म्हणाल्या, "नुसत्या अळीवरून जात नक्की सांगता येणार नाही. भुंगेरा होईपर्यंत वाढव."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही गं, वर्षं."

तिसऱ्या चैत्रात अळीचा कोष झाला. आतला भुंगेरा कवच टणक होईपर्यंत भुशातच बसून राहिला. बाहेर आला तो बोटाच्या दोन पेरांएवढा, पाठीवर डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके. उमाने त्याला टेबलावर उताणा ठेवला. त्याने अंग मागे वाकवलं, छातीवरची खुंटी खाचेत सटकली आणि टक्! वीतभर उडून तो पायांवर पडला.

खाटेवरचे आप्पा उठले. "उमे, कडी काढलीस काय गो?"

"नाही हो आप्पा, किडा आहे."

ते दाराशी गेले, हात वर करून रंग खरवडू लागले. तिने त्यांना आणून बसवलं. बरणीत भुंगेरा पुन्हा उलटा झाला. टक्! आप्पा पुन्हा दाराशी. तिने बरणी फडक्यात गुंडाळली, मागच्या पडवीत नेली, तरी त्यांना ऐकू येई. सातव्या वेळी ते रडले. "मला घरी जाऊ दे," म्हणाले. ह्याच घरात जन्मलेले आप्पा.

ओळख पटवायला भुंगेरा मारायचा होताच. पण आठ दिवस तरी तिला तो बघायचा होता. दुसऱ्याच सकाळी तिने त्याला फ्रीजरमध्ये ठेवलं, मग कुरियरने मॅडमना पाठवलं.

महिन्याने मॅडमचा फोन आला. "जात ओळखता आली. ह्या अळ्या शोधत काजूच्या बागा फिरायचं सहा महिन्यांचं काम आहे. येशील?"

उमाने सलिलला विचारलं.

"सहा महिने? अगं, मला कसं जमेल? पुढच्या वर्षी बघू."

मॅडमना तिने नकार कळवला. पंधरा दिवसांनी पार्सल आलं. बारा नळ्या, प्रत्येकीत एक अळी, आणि चिठ्ठी: "बागा मी फिरते. तू वाढव."

पुन्हा तीन वर्षं, ह्याच घरात! उमा इतकी संतापली की दोन दिवस तिने खोक्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नळ्या काढल्या. दोन अळ्या मेल्या होत्या. उरलेल्या दहांसाठी ती भुसा चाळायला बसली.